‘आता तुला कोण विचारणार?’

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याला बहीण झाली. तेव्हापासून तो तिला चिमटे काढतो, बालवाडीत मुलांना ढकलतो आणि रात्री पुन्हा अंथरूण ओले करू लागला आहे. परवा यजमानांनी त्याला फटका दिला. सासूबाईंच्या मते तो लाडाने बिघडला आहे. मी काय करावे?
– एक आई, सांगली

उत्तर : तुमचा मुलगा बिघडलेला नाही, तो घाबरला आहे. चार वर्षे ज्या मांडीवर त्याचा एकट्याचा हक्क होता, तिथे आता दिवसभर दुसरेच कोणी असते. भावंड आल्यावर मोठे मूल काही काळ तान्ह्या बाळासारखे वागू लागणे अगदी सर्रास आढळते. अंथरूण तो मुद्दाम ओले करत नाही, त्यामुळे त्यावरून रागावू नये आणि चारचौघांत तो विषयही काढू नये.

बाळाला पाहायला येणारी माणसे त्याच्याशी काय बोलतात, हे कृपया आठवून पाहा. ‘आता तुझे लाड संपले’, ‘आता तुला कोण विचारणार?’ ही आपल्याकडची नेहमीची थट्टा आहे, आणि ती मला फार क्रूर वाटते, कारण या वयाच्या मुलाला ती थट्टा आहे हे कळत नाही, ते तिला बातमी समजते. असे कोणी बोलल्यास त्याच पाहुण्यासमोर, त्याला जवळ घेऊन, ‘याचे लाड मुळीच संपलेले नाहीत’ असे स्पष्ट सांगा. पाहुण्याला थोडे वाईट वाटले तरी चालेल.

तो चिमटा काढू लागला, की हात धरून थांबवा आणि शांतपणे म्हणा, ‘बाळाला दुखवू देणार नाही. तुला राग आला आहे ना? तो मला सांग.’ यातले दोन्ही भाग आवश्यक आहेत : पहिल्याने मर्यादा कळते, दुसऱ्याने रागाला नाव मिळते. रुसलेल्याची समजूत काढण्याची रीत आपल्या घरांत आहेच. त्यालाही रुसू द्या. ‘सॉरी म्हण’ किंवा ‘बाळाची पापी घे’ असा आग्रह नको. बाळाला मात्र त्याच्याजवळ एकटे ठेवू नका.

यजमानांना सांगा, की मोठ्याने लहानाला मारावे हेच तो त्या फटक्यातून शिकतो, आणि घरात त्याच्याहून लहान एकच जीव आहे. सासूबाईंशी वाद घालण्याऐवजी रोज संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे बाळ त्यांच्याकडे सोपवा आणि तो वेळ केवळ मुलाला द्या. खेळ त्याने निवडावा. अभ्यास, शिकवण, ‘तू आता दादा झालास’ हे काही त्यात नको.

बालवाडीच्या बाईंना घरी बाळ आल्याचे सांगून ठेवा, म्हणजे त्या ढकलाढकलीकडे निव्वळ खोडी म्हणून पाहणार नाहीत. आणि त्याला लघवीच्या वेळी जळजळ होत असेल, फार तहान लागत असेल किंवा वजन घटत असेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.