मागून तिसरा बाक

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या रूममेटनं रविवारी चर्चला बोलावलंय आणि तुझा पाय अडखळतोय. जा. आठवड्यातला तिच्या जिव्हाळ्याचा एक तास ती तुला दाखवतेय, एवढंच समज.

"गुडघे टेकावे लागले तर?" असं विचारलंयस. कुणी जबरदस्ती करत नाही. सगळे उठले की ऊठ, बसले की बस. ते गुडघ्यांवर आले की तू शांत बसून राहा. मागून तिसरा बाक गाठ, म्हणजे पुढच्यांचं बघून कळत जातं. तोंडानं मात्र जे मनापासून म्हणता येणार नाही ते म्हणू नकोस. मान राखायला उभं राहणं वेगळं आणि 'मी हे मानते' म्हणणं वेगळं.

हा फरक मला फजितीतून कळला. शिकायला गेलो त्या पहिल्या हिवाळ्यात एका मित्राबरोबर कॅथलिक मिस्साला, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेला, गेलो होतो. अख्खा बाक उठून रांगेत निघाला, मीही निघालो. वाटलं, प्रसाद असेल. फादरांनी पांढरी पातळ चकती समोर धरली, काहीतरी म्हटलं आणि थांबले. मीही थांबलो. मागच्या बाई कुजबुजल्या, "आमेन म्हणा." म्हटलं. चकती मुठीत धरून जागेवर आलो. मित्राचा चेहरा पडला. त्यानं माझी मूठ उघडली, चकती स्वतःच्या तोंडात घातली आणि मान खाली घालून बसला. रागावला नाही, ते जास्त लागलं.

कॅथलिकांच्या लेखी तो नुसता ब्रेडचा तुकडा नसतो, ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर असतं. त्या 'आमेन'चा अर्थ 'होय, मी हे मानतो'. न मानता मी कबुली देऊन बसलो होतो. तू त्या वेळी बाकावरच बस. बऱ्याच ठिकाणी हात छातीवर आडवे घेऊन रांगेत गेलं तर फादर नुसता आशीर्वाद देतात. तिथली रीत मैत्रिणीला आधीच विचार. त्याच्या थोडं आधी शेजारची माणसं एकदम हात पुढे करतील. ती शांतीची खूण. बिनधास्त हात मिळव.

एकदा भीड चेपली की इतरही जागा बघ. इंग्लंडला कधी गेलीस तर अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, कॅथेड्रलमधली सायंप्रार्थना, इव्हनसाँग, ऐक. तिचा साचा 1549च्या प्रार्थनापुस्तकातला. बरंचसं गायकवृंदच गातो, तुला नुसतं ऐकायचं असतं. नवख्याला याहून सोपं काही नाही. मशिदीत नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नकोस. सिनेगॉगमध्ये शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, वही बाहेर काढू नकोस. परंपरा पाळणारे ज्यू त्या दिवशी लिहीत नाहीत. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या कित्येक सभांत तासभर नुसती शांतता असते, आतून वाटलं तरच कुणी उठून बोलतं. मला सगळ्यात जड तीच गेली.

एक सावधगिरी. काही मंडळी बोलावतात ती दाखवायला नव्हे, ओढायला. दुसऱ्याच भेटीत 'मग काय ठरवलंस?' सुरू झालं, तर हसून नाही म्हण आणि पुन्हा जाऊ नकोस. मैत्रिणीवर मात्र उगाच हा संशय धरू नकोस.

आणि बाहेर पडताच 'शेवटी सगळे धर्म एकच' हे वाक्य तिच्या तोंडावर फेकू नकोस. ऐकायला उदार वाटतं, पण तिनं दाखवलेलं न बघताच मिटवून टाकल्यासारखं होतं. त्यापेक्षा विचार, डोळे मिटले होतेस तेव्हा मनात काय होतं? नाही सांगितलं तर राहू दे.

तुझा,
सर

ता. क. फोन सायलेंटवर नको, बंदच कर. लाकडी बाकावर त्याची थरथर पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जाते.