‘इररिव्होकेबल’ लिहिलेलं मुखत्यारपत्र मालकाच्या मृत्यूनंतर चालतं का?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाने २०१६ मध्ये एनए (बिगरशेती) प्लॉट घेतला. पूर्ण ९ लाख रुपये चेकने दिले आणि ताबाही घेतला, पण खरेदीखत केलं नाही. त्याऐवजी ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीकडून साठेखत (पुढे विक्री करून देण्याचा करार) आणि ‘इररिव्होकेबल जनरल पॉवर ऑफ अॅटर्नी’ करून घेतली. मूळ मालक गेल्या वर्षी वारले. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मुलांची नोटीस आली : मुखत्यारपत्र संपलं, प्लॉट आमचा. वाचक विचारतात, ‘इररिव्होकेबल म्हणजे रद्द न होणारं. मग त्याच्या आधारे मी पत्नीच्या नावे खरेदीखत करू का?’

करू नका. मुखत्याराने दस्त नोंदवताना ‘मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती हयात आहे आणि मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही’ असं घोषणापत्र दुय्यम निबंधकासमोर द्यावं लागतं. मालक वारल्याचं माहीत असताना त्यावर सही केलीत तर आज दिवाणी असलेलं प्रकरण फौजदारी होईल. नोंदणी कायद्याच्या कलम ८२ मध्ये खोट्या निवेदनाला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आता त्या विशेषणाकडे येऊ, कारण अशा बहुतेक पत्रांत सगळी भिस्त त्यावरच असते. करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर मुखत्याराचा अधिकार संपतो. याला अपवाद कलम २०२ चा. ज्या मालमत्तेबद्दल अधिकार दिला तिच्यात मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल, तर त्या हितसंबंधाला बाधा येईल अशा रीतीने तो अधिकार संपवता येत नाही. कायद्यातलंच उदाहरण पाहा : एकाने दुसऱ्याला आपली जमीन विकून, आपल्याकडून येणं असलेलं कर्ज त्या पैशातून वळतं करून घ्यायचा अधिकार दिला. असा अधिकार देणाऱ्याला मागे घेता येत नाही आणि तो त्याच्या मृत्यूनेही संपत नाही. याउलट, विकून दिल्याबद्दल नुसतं कमिशन मिळणार असेल तर तो हितसंबंध नव्हे. म्हणजे मुखत्यारपत्र रद्द न होणारं ठरतं ते हितसंबंधामुळे, मथळ्यात तो शब्द टंकल्यामुळे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरूच्या एका प्रकरणात हेच सांगितलं. तिथे मुखत्यारपत्र १९८६ चं, मालकाचा मृत्यू १९९७ चा आणि मुखत्यार बाईंनी स्वतःच्या मुलाला केलेली विक्री १९९८ ची होती. साठेखत त्याच बाईंच्या नावे होतं, तरी ती विक्री टिकली नाही.

बँक गॅरंटीत हाच शब्द वेगळं काम करतो. तिथे ‘अनकंडिशनल अँड इररिव्होकेबल’ म्हणताना बँक स्वतः पैसे द्यायचं स्वतंत्र वचन देते आणि मुदत संपेपर्यंत ते एकतर्फी मागे घेता येत नाही. ते वाचून मुखत्यारपत्राचा अर्थ लावू नका.

महाराष्ट्रात तर हा शब्द तुमच्या विरोधात जातो. नोंदणी कायद्यातली राज्याची दुरुस्ती १ एप्रिल २०१३ पासून लागू आहे. तेव्हापासून स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणाशी संबंधित इररिव्होकेबल मुखत्यारपत्राची नोंदणी सक्तीची आहे. तुमचं २०१६ चं, फक्त नोटरीचं. नोंदणीला मुदत असते चार महिने, दंडासह आणखी चार. ती केव्हाच संपली. शिवाय मोबदला घेऊन विक्रीचा अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्रावर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं. तुम्ही भरलं ५००. एवढी रक्कम मोजून देणाऱ्या माणसाने मुद्रांक वाचवण्यासाठी हा मार्ग धरावा, याचं मला वाईट वाटतं. २०११ मध्येच ‘सूरज लॅम्प’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की साठेखत आणि मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही.

म्हणून मुखत्यारपत्र बाजूला ठेवा आणि साठेखत काढा. त्यात खरेदीखत कधी करून द्यायचं, याचं कलम शोधा. तुमचं प्रकरण त्या एका ओळीवर उभं आहे. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे करारपूर्तीचा, म्हणजे ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून मिळण्याचा, दावा ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षांत लावावा लागतो. तारीख ठरलेली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळलं त्या दिवसापासून ३ वर्षं. ‘३१ डिसेंबर २०१६ पर्यंत खरेदीखत करून देऊ’ असं लिहिलं असेल, तर दाव्याची मुदत २०१९ अखेर गेली. पुढे दोघांनी लेखी मुदत वाढवली असेल तरच काही बोलता येईल. ‘वारस नोंद झाल्यावर’ किंवा ‘मोजणी झाल्यावर’ असं असेल तर ती कॅलेंडरची तारीख नव्हे. मग नकार कधी कळला ते पाहायचं. मुलांच्या नोटिशीचं पाकीट, टपालाचा शिक्का, पोचपावती जपून ठेवा. मूळ मालकाने हयातीत व्हॉट्सअॅपवर किंवा पत्राने नकार दिला होता का, हेही खरं सांगा. दिला असेल तर मुदत त्या दिवसापासून सुरू झाली.

ताब्यावर फार विसंबू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३अ चं ताबा टिकवणारं संरक्षण २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या साठेखताला नोंदणीशिवाय मिळत नाही. मात्र नोंदणी नसलेलं साठेखत करारपूर्तीच्या दाव्यात कराराचा पुरावा म्हणून चालू शकतं. ताबा दिल्यामुळे कमी पडलेलं मुद्रांक शुल्क आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड न्यायालय आधी भरायला लावेल. ती रक्कम किती ते दावा लावण्याआधी काढून घ्या.

या आठवड्यात वकिलामार्फत नोटिशीला उत्तर द्या. त्यात प्रत्येक चेकचा क्रमांक आणि तारीख येऊ द्या, आणि ‘मुद्रांक व नोंदणीचा खर्च देऊन खरेदीखत घ्यायला मी तयार आहे’ हे वाक्य असलंच पाहिजे. बँकेकडून २०१६ चा खातेउतारा मागवा. सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातली मालमत्तेच्या दस्तांची सूची) चा शोध घ्या, मुलांनी प्लॉट कुणाला विकला आहे का ते त्यातून कळेल. वारस नोंदीचा फेरफार चालू असेल तर लेखी हरकत घ्या, पण हरकतीने मालकी ठरत नाही.

मुलं तडजोडीला तयार असतील तर थोडी जास्त रक्कम देऊनही मिटवा, दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो. फक्त खरेदीखतावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. मालकाची पत्नी आणि लग्न झालेल्या मुलीही त्यात आल्या. तडजोड नाहीच झाली तर करारपूर्तीच्या दाव्यातच पैसे परत मिळण्याची पर्यायी मागणी लिहा. ती मागितली नसेल तर न्यायालय देत नाही. दावा दाखल होताच लिस पेन्डन्सची (मालमत्तेवर दावा चालू असल्याची) नोटीस त्याच दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, म्हणजे पुढे घेणाऱ्याला दाव्याची कल्पना नव्हती असं म्हणता येणार नाही.