ऑगस्टमध्ये 3 दिवस साताऱ्यात येतोय. डोंगर चढायचेत, पण नुसते फोटो नकोत, तिथली माणसं, देव, रीतीरिवाज पण बघायचेत. वासोटा आणि कास डोक्यात आहे. अजून काय करावं?

आधी वासोटा आणि कास डोक्यातनं काढा 😀. वासोटा किल्ला पावसाळ्यात बंद असतो. तो कोयना अभयारण्यात आहे, बामणोलीतनं बोटीनं शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) ओलांडून जावं लागतं, वनखात्याची परवानगी लागते आणि संध्याकाळच्या आत परत यावंच लागतं, वर मुक्काम नाही. त्यासाठी दिवाळीनंतर या. कास पठाराचं म्हणाल तर फुलांचा खरा बहर सप्टेंबरात, आणि 2012 ला जागतिक वारसा यादीत नाव आल्यापासून सुट्टीच्या दिवशी फुलं कमी आणि गाड्या जास्त दिसतात, त्यामुळं तिकडं कधी गेलात तर मधल्या वारी जा.

आता मुद्दा. माझं तीस-एक वर्षं हेच डोंगर चढून झालेलं मत असं आहे की साताऱ्यात ट्रेक ठरवताना आधी कॅलेंडर काढायचं आणि मग डोंगर निवडायचा. आमच्याकडं जवळपास प्रत्येक डोंगरावर कुणीतरी देव बसलाय आणि प्रत्येक देवाचा वार ठरलेला आहे, त्या वारी गेलात तर अख्खा डोंगर बोलतो, नाहीतर एरवी मंगळवारी दुपारी गेलात तर तुम्ही, दोन शेळ्या आणि वारा. ऑगस्ट म्हणताय म्हणजे बहुतेक श्रावण सापडेल (अधिक महिना असला तर पुढं सरकतो, तेवढं बघून घ्या), मग शनिवार-रविवार-सोमवार असेच 3 दिवस धरा.

शनिवारी जरंडेश्वर. सातारा-कोरेगाव रस्त्यानं जाताना जो मोठा डोंगर दिसतो तो, वर मारुतीचं देऊळ. हनुमंत द्रोणागिरी घेऊन चालला होता तेव्हा त्याचा एक तुकडा इथं पडला, असं आमच्यात सगळे लहानपणापासून ऐकत आलेत, म्हणून तिथं औषधी झाडपाला मिळतो म्हणतात. श्रावणी शनिवारी पहाटेपासून माणसांची रीघ असते, कोरेगाव भागातली, साताऱ्यातली, आसपासच्या गावातली. चढण तासाभराची, रमतगमत दीड.

एकदा असाच श्रावणात गेलो होतो, नवेकोरे ट्रेकिंगचे बूट घालून, बऱ्यापैकी महाग. पुढं एक आजी चालली होती, नऊवारी खोचलेली, अनवाणी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत तेलाची जुनी बाटली आणि रुईच्या पानांची माळ ओल्या फडक्यात गुंडाळलेली, म्हणजे सुकू नये म्हणून. मी म्हटलं आजी पाय घसरतील, चप्पल तरी घालायची. तर न थांबता म्हणाली, "बुटाला काय कळतंय दगूड हालतोय का न्हाई, तळव्याला कळतंय." दहा पावलं पण झाली नसतील, शेवाळलेल्या दगडावरनं मी असा आपटलो की कोपर सोलून निघालं. आजीनं मागं बघितलं पण नाही, नुसतं "मारुतीराया" म्हणाली, आता ते माझ्यासाठी होतं का स्वतःसाठी ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. वर पोचलो तोवर तिचा दर्शन-फेरा होऊन ती एका कडेला भाकरी सोडून बसली होती, अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर लसणाची चटणी. तर सांगायचं असं की वर हॉटेल बिटेल शोधू नका, पाणी आणि थोडं खायला घेऊन जा, आणि कुणी भाकरी दिली तर नको म्हणू नका.

रविवारी सकाळी लवकर अजिंक्यतारा. शहराच्या उशालाच आहे, वर गाडी जाते पण चालत जा, निम्मा सातारा सकाळी तिथंच फिरायला असतो, गावातल्या सगळ्या बातम्या पेपराच्या आधी तिथं कळतात. औरंगजेबानं 1699 च्या डिसेंबरात वेढा घातला तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी 1700 च्या एप्रिलपर्यंत गड झुंजवला, सुरुंगानं तट उडाला तरी. पुढं 1708 मध्ये शाहू महाराजांनी इथं राज्याभिषेक करून घेतला आणि सातारा राजधानी झाली. वर मंगळाई देवीचं देऊळ आहे, तिथनं खाली बघितलं की सगळं गाव ताटात वाढल्यासारखं दिसतं. ढग असले तर काहीच दिसत नाही, तेही चांगलंच.

तिथनं उतरून सज्जनगड. बरेच लोक वरच्या पार्किंगला गाडी लावून पायऱ्या चढतात आणि झालं म्हणतात, तुम्ही तसं करू नका, पायथ्याच्या परळी गावातनं चढा, गावात जुनी हेमाडपंती शिवमंदिरं आहेत, ती बहुतेकांची राहूनच जातात. गडाचं जुनं नाव पण परळीचाच किल्ला. वर रामदास स्वामींची समाधी (1682 सालची), तिच्यावर राममंदिर, आणि कड्याच्या टोकाला अंगलाई देवी, ती मूर्ती समर्थांना अंगापूरच्या डोहात मिळाली असं सांगतात. उरमोडी धरणाचं पाणी खाली पसरलेलं दिसतं. दुपारी प्रसादाच्या पंगतीला नक्की बसा, आमटी-भात इतका साधा असतो आणि चढून आल्यावर इतका गोड लागतो की घरी तशी आमटी करून बघितलेल्या किमान चार बायका माझ्या नात्यात आहेत, कुणालाच जमली नाही.

सोमवारी पाटेश्वर, देगावच्या वर. चढण फार नाही, खरं तर चढण म्हणायला लाज वाटेल इतकीच, पण गर्द झाडी, कमळांचं कुंड आणि डोंगरात कोरलेल्या लेण्यांमधनं शेकडो शिवलिंगं, कुठं बोटाएवढी, कुठं एकाच पिंडीवर बारीक बारीक असंख्य. अग्निवृष नावाची एक विचित्र मूर्ती आहे, अर्धी माणूस अर्धी बैल, ती हुडकून काढा. श्रावणी सोमवारी गर्दी असते पण गडबड नसते. मोबाईलचा टॉर्च लागेल.

हे झालं ऑगस्टचं. पण खरं विचाराल तर माझ्या मते साताऱ्यातली सगळ्यात भारी चढण चैत्रातली आहे, शिखर शिंगणापूरचा मुंगी घाट. माण तालुक्यातला रखरखीत डोंगर, एप्रिलचं ऊन, बघायला गेलं तर सीनरी शून्य. चैत्र शुद्ध अष्टमीला शंभू महादेवाचं लग्न लागतं, देवळाच्या शिखरापासनं बळीच्या देवळापर्यंत लांबच्या लांब ध्वज बांधतात, आणि द्वादशीला कावडी येतात. सासवडची भुतोजी तेल्याची कावड मानाची, कऱ्हेचं पाणी घेऊन दिवसचे दिवस चालत आलेली. घाट इतका उभा की एकटा माणूस नीट चढताना चार वेळा हात टेकतो, आणि तिथं ही भली मोठी कावड माणसांच्या साखळीनं वर घेतात. वरचा खालच्याच्या हाताला धरतो, तो त्याच्या खालच्याच्या. मधेच कावड एका अंगाला कलली की अख्ख्या डोंगराचा श्वास अडकतो आणि मग "म्हाद्या धाव" अशी आरोळी उठते. म्हाद्या! देवाला एकेरीत, जवळजवळ शिवीच्या सुरात, शेजारच्या पोराला हाक मारावी तसं. मी कडेला उभा होतो, एकानं न विचारता माझं मनगट पकडलं आणि मी साखळीत आलो. तो कुठला, मी कुठला, काही नाही. दोन दिवस मनगटावर त्याची बोटं निळी होती.

(रंगपंचमीला आलात तर वाईजवळचं बावधनचं बगाड बघा, म्हणजे नवस फेडणाऱ्याला उंच टांगलेला लाकडी गाडा, कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासनं बैल ओढत गावात आणतात, आणि दुसऱ्या दिवशी जवळचाच वैराटगड करा. वाईजवळच्याच मांढरदेवीच्या काळूबाईला मात्र पौषातल्या यात्रेच्या मुख्य दिवशी पहिल्यांदाच जाऊ नका, 2005 च्या चेंगराचेंगरीत जवळपास 300 माणसं गेली. बाकी दिवशी खुशाल जा.)

पावसाळ्यात कड्याच्या टोकाला सेल्फीला जाऊ नका, गवताखाली जमीन आहे का नाही ते कळत नाही. छत्री उपयोगाची नाही, उलटी होते, रेनकोट आणा. आणि बूट आणा, पण तळवा पण वापरा. तारखा ठरल्या की इथंच लिहा, त्या आठवड्यात अजून कुठं काय असेल तर सांगतो.