सात दिवसांची शर्यत, चिखल आणि थकलेले हात

'वाचक विचारतात' या सदरात या वेळी अनेक दिवस चालणाऱ्या माउंटन बाइक शर्यतींबद्दलची पत्रं घेतली आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच होता: किती किलोमीटर सराव करू? त्याकडे येईनच. पण मी अशा शर्यती स्वतः चालवल्या आहेत आणि नंतर मुक्कामाच्या तळांवर रात्री मेकॅनिक म्हणूनही बसले आहे. शर्यत अर्धवट सोडून जाणारे जे लोक तिथे पाहिले, त्यांत दम कमी पडला म्हणून थांबलेले थोडे होते. ब्रेक संपले, पोट बिघडलं, बसायची जागा सोलून निघाली, गारठ्याने बोटं वळेनाशी झाली, अशा कारणांनी थांबलेले पुष्कळ. म्हणून मी प्रत्येकाला आधी हे विचारते: पाच तास सायकल चालवून, भिजून, थकून गेल्यावर तुमच्या हातांना काय काय जमतं?

ताई, दोन महिन्यांनी माझी पहिली सात दिवसांची शर्यत आहे. रोज साठ-सत्तर किलोमीटर आणि भरपूर चढ. माझा सगळा सराव कोरड्या वाटांवर झालाय आणि तिथे त्या दिवसांत पाऊस असतो म्हणतात. टायर बदलू का? आणखी काय करू?

टायर बदलाच. गाठी उंच आणि एकमेकींपासून लांब असलेला, किंचित अरुंद टायर घ्या, म्हणजे चाक फिरताना चिखल झडतो आणि फ्रेममध्ये साचत नाही. हवा नेहमीपेक्षा एक-दोन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी ठेवा. टायरबद्दल एवढं पुरे. तुमच्या पत्रात ज्यांचा उल्लेखही नाही, त्या ब्रेक पॅडची मला जास्त काळजी वाटते. हे पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या तबकडीला, म्हणजे रोटरला, दोन्ही बाजूंनी दाबून सायकल थांबवतात.

कोरड्या वाटांवर एक जोडी महिनोन्महिने टिकते, त्यामुळे पॅड संपतात हेच आपण विसरतो. वाळू मिसळलेला चिखल आणि लांब उतार एकत्र आले, की रेझिनचे, म्हणजे राळेने बांधलेले मऊ पॅड एका दिवसात खलास होऊ शकतात. सकाळी नवे घातलेले आणि संध्याकाळी मागची लोखंडी पट्टी रोटरला घासतेय, अशा सायकली माझ्यापुढे आल्या आहेत. ओल्या शर्यतीला धातूमिश्रित, म्हणजे सिंटर्ड पॅड न्या. ते आवाज करतात, पहिल्या काही दाबांना पकड थोडी कमी वाटते, पण टिकतात. आधी रोटर तपासा. त्यावर फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असेल, तर रोटरही बदलावा लागेल. पुढच्या-मागच्या चाकासाठी निदान दोन-दोन जादा जोड्या सामानात हव्यात आणि एक जोडी रोज अंगावरच्या बॅगेत. शक्य असेल तर घरीच प्रत्येक जोडी सायकलवर चढवून रोटरवर बसवून घ्या: सपाट रस्त्यावर वेग घ्यायचा, चाक जागच्या जागी न अडकवता चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक दाबायचा, पुन्हा वेग घ्यायचा. पंधरा-वीस वेळा केलं की झालं. न बसवलेले पॅड थेट चिखलात गेले तर फार लवकर झिजतात.

आता खरा सराव. एखाद्या दमवणाऱ्या राइडवरून आल्या आल्या, अंघोळीआधी, हात बर्फाच्या पाण्यात बुडवून काढा आणि पुढचे पॅड बदला. बारीक पिन सापडते का, पॅडला दाबणारे पिस्टन मागे ढकलता येतात का, चाक काढलेलं असताना चुकून लिव्हर दाबला जातो का, सगळं त्या पंधरा मिनिटांत कळतं. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरच्या भोकात रबराचा प्लग मारणं, चेनची जोडकडी लावणं, टायरच्या कडेला चीर पडली तर आतून तुकडा लावून ट्यूब घालणं, हेही असंच थकल्यावर करून बघा. बाकी कुठला सराव चुकला तरी चालेल, हा चुकवू नका.

चिखलात दुसरं मोठं नुकसान होतं ते मागच्या डिरेलरचं, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचं. चिकट मातीत गवत आणि काटक्या मिसळतात, त्या डिरेलरच्या चाकांत अडकतात, आपण मान खाली घालून जोर लावतो आणि डिरेलरला फ्रेमशी जोडणारा छोटा तुकडा, म्हणजे हँगर, मोडतो. पेडल अचानक जड लागलं की थांबायचं, काडीने माती काढायची, मग पुढे. माती फारच चिकट असेल तर सायकल ढकलू नका. ढकलताना चाकं आणखी माती गोळा करतात. खांद्यावर घ्या आणि तो तुकडा चालून पार करा. जादा हँगर आपलाच न्या; बऱ्याच फ्रेमचा हँगर वेगळा असतो आणि तळावर तुमचा मिळेलच याची खात्री नसते. चेनला ओल्या हवामानाचं तेल लावा, तेही संध्याकाळी, धुऊन पुसून कोरडी झाल्यावर. सायकल धुताना प्रेशरचा फवारा हबवर, पेडलच्या धुऱ्यावर आणि फोर्कच्या सीलवर मारू नका. तो माती बाहेर काढत नाही, बेअरिंगच्या आत ढकलतो.

एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात, म्हणून मी मुद्दाम सांगते. बाटलीचं तोंड झाकलेलं हवं. वाट चराऊ रानातून जात असेल तर चाकावरून उडणाऱ्या चिखलात जनावरांचं शेण असतं, तो बाटलीच्या तोंडावर बसतो आणि आपण तेच तोंडात घालतो. २००७ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात आणि २००८ मध्ये वेल्समधल्या बिल्थ वेल्स इथे चिखलातल्या माउंटन बाइक शर्यतींनंतर अनेक स्पर्धक कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूने आजारी पडले. या आजाराची लक्षणं दिसायला साधारण दोन ते पाच दिवस लागतात. एका दिवसाच्या शर्यतीत तोवर माणूस घरी असतो. सात दिवसांच्या शर्यतीत तो चौथ्या टप्प्यावर असतो, जुलाब आणि तापासकट. तेव्हा टोपण असलेली बाटली घ्या किंवा पाण्याची पाठपिशवी वापरून नळीच्या तोंडावर झाकण लावा. हातमोज्यांनी खाऊ धरू नका, पुडी दाताने फाडू नका. मुक्कामी पोचल्यावर घशात काहीही घालण्याआधी साबणाने हात धुवा.

शेवटी गारठा. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेतं. त्यामुळे बर्फ पडत नसतानाही, दहा-बारा अंशांच्या पावसात, लांब उतारावर माणूस काकडतो. चढताना घाम येतो, माथ्यावर वारा लागतो आणि उतारावर पाय थांबल्याने अंगात ऊब तयार होत नाही. जॅकेट माथ्यावरच घाला, उतार सुरू व्हायच्या आधी, थंडी वाजत नसली तरी. कोरड्या हातमोज्यांची एक जोडी घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा, कारण बोटं बधिर झाली की ब्रेक गेले. सोबतचा माणूस अडखळत बोलू लागला, साधी चेन लावताना चाचपडू लागला, तर त्याला पुढे रेटू नका; आडोसा, कोरडे कपडे, गोड गरम पेय, आणि मदतीसाठी निरोप. खूप काकडणारा माणूस थंडीतच असताना काकडायचा थांबला, तर ते बरं झाल्याचं लक्षण समजू नका. तिथून पुढे धोका फार वाढतो.

ताई, माझी शर्यत उघड्या, रखरखीत प्रदेशात आहे, दुपारी पारा चाळिशीवर. तासाला नेमकं किती पाणी प्यायचं? कोणी अर्धा लिटर म्हणतं, कोणी दीड.

दोघंही बरोबर असू शकतात, कारण घामाचं प्रमाण माणसागणिक बदलतं. तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत. तुमचा आकडा तुम्हीच काढा. तासभर शर्यतीच्या वेगाने उन्हात चालवा, आधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत, अंग पुसून वजन करा. वजनातली घट अधिक मधे प्यायलेलं पाणी म्हणजे तुमचा तासाचा घाम. एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर. सगळा घाम भरून काढायचा हट्ट धरू नका. दिवसाअखेर वजन दोन टक्क्यांच्या आसपास उतरलं तरी बहुतेकांचं निभावतं. वजन वाढलेलं दिसलं तर मात्र घाबरायला हवं. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, आणि भोवतालचे लोक उन्हाचा त्रास समजून त्याला आणखी पाणी पाजतात. असे मृत्यू झाले आहेत.

पाण्याच्या हिशेबापेक्षा मोठा फायदा शरीराला उन्हाची सवय लावण्यात आहे. दहा ते चौदा दिवस, रोज तासभर ते दीड तास, घाम येईल अशा हलक्या वेगाने उष्णतेत चालवा. पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रवाचा भाग वाढतो आणि नाडीचे ठोके उतरतात. पुढे घाम लवकर सुटू लागतो, भरपूर येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. ही सवय दोन-तीन आठवड्यांत बरीचशी निघूनही जाते, म्हणून ती शर्यतीच्या अगदी आधी लावा.

खाणंही याच दिवसांत बसवा. तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं बहुतेकांना झेपतात. ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज असेल तर नव्वदपर्यंत जाता येतं, कारण दोन्ही आतड्यातून वेगवेगळ्या वाटांनी शोषली जातात. पण न सरावलेलं पोट उन्हात नव्वद ग्रॅम परत फेकून देतं. आणि दुखतं म्हणून आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेत सायकल चालवू नका; शरीरातलं पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडांवर घाला घालतात. वाटेत कोणी भेलकांडत असेल, असंबद्ध बोलत असेल आणि अंग तापलेलं असेल, तर मदतीला हाक मारा आणि त्याच जागी, मिळेल त्या पाण्याने त्याला थंड करायला लागा. आधी गार करणं, मग हलवणं.

आम्ही दोघं मित्र जोडीने भाग घेतोय. चढावर तो माझ्यापेक्षा बराच पुढे जातो. मी त्याला मागे ओढतोय असं सारखं वाटतं. काय करावं?

दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक ही २००४ पासून जोड्यांची शर्यत आहे आणि दोघांत दोन मिनिटांहून जास्त अंतर पडलं तर दंड होतो. नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. चढावर वेग हळू माणसाने ठरवायचा. बळकट माणसाने पुढे जाऊन वळून बघत थांबायचं नाही, मागे राहायचं. पुढे जाऊन थांबणाऱ्याला विश्रांती मिळते आणि मागचा पोचला की दोघं लगेच निघतात, म्हणजे ज्याला गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. सपाटीवर वारा असेल तिथे मात्र त्याने पुढे राहून तुम्हाला आडोसा द्यावा. अवजारं, जादा पाणी, पंप त्याच्या बॅगेत. आणि मित्रा, ओझं आहोत असं वाटत असेल तर ते शर्यतीच्या आधी बोलून टाका. कोणत्या परिस्थितीत दोघं थांबणार तेही तेव्हाच ठरवा. पाचव्या दिवशी, उपाशी पोटी, हे बोलणं नीट होत नाही.

शेवटचे सहा आठवडे उरलेत. नोकरीमुळे शनिवार-रविवारच मिळतात. किती किलोमीटर करू?

किलोमीटर मोजण्यापेक्षा लागोपाठचे दिवस मोजा. शनिवारी चार-पाच तास, रविवारी तीन-चार तास, तेही चढांचे. रविवारची राइड महत्त्वाची, कारण जड पायांनी सुरुवात करायला ती शिकवते. एकदा सुट्टी काढून सलग तीन दिवस करा, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. सातही दिवसांची रंगीत तालीम नको, तिची भरपाई होईपर्यंत शर्यत येते. शेवटचे दहा-बारा दिवस वेळ निम्म्यावर आणा, पण मधूनमधून छोटे जोरदार चढ ठेवा. शर्यतीत पहिल्या दिवशी चढावर पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्याच जोरात चाला. सगळे पुढे जातील. जाऊ द्या.

बसायच्या जागी फोड येतात. क्रीम लावते, तरी येतात.

क्रीम घासणं कमी करतं, पण शेवटच्या रेषेनंतरचा तास जास्त मोलाचा असतो. ओल्या शॉर्ट्समध्ये गप्पा मारत उभ्या राहू नका. लगेच उतरवा, साबणाने धुवा, पूर्ण कोरडं करा आणि सैल कपडे घाला. शर्यतीचे जितके दिवस तितक्या शॉर्ट्स न्या, वेगवेगळ्या शिवणीच्या, म्हणजे रोज एकाच रेषेवर घासत नाही. तिथले केस वस्तऱ्याने काढू नका, फोडांची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. फोड नेहमी एकाच बाजूला येत असतील तर सीटची उंची आणि कल तपासून घ्या. लाली पसरत असेल, पू झाला किंवा ताप आला, तर सकाळची वाट बघू नका, त्याच संध्याकाळी तळावरच्या डॉक्टरांना दाखवा.