‘चू. भू. द्या. घ्या.’ म्हणजे माफी नव्हे

प्रश्न असा आला आहे: लेखाखाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ (चूकभूल द्यावी घ्यावी) लिहितात, त्यात चूक ‘द्यायची’ आणि ‘घ्यायची’ म्हणजे नेमकं काय करायचं? आणि ‘देणे घेणे’ बरोबर की ‘द्यावी घ्यावी’?

हा शब्दप्रयोग हिशेबाचा आहे. समजा, बिलाची बेरीज 740 व्हायला हवी होती आणि दुकानदाराने 704 लिहिली. (अंकांची अशी अदलाबदल झाली की फरकाला 9 ने नेमका भाग जातो. इथे फरक 36. ताळा न जुळल्यास आधी हेच तपासावं.) हे 36 रुपये गिऱ्हाइकाने द्यायचे. उलट साखर दोनदा लावली गेली असेल तर तेवढी रक्कम गिऱ्हाइकाने परत घ्यायची. म्हणजे द्यायची-घ्यायची ती चुकीमुळे पडलेली तफावत. कोणी द्यायची हे वाक्यात मुद्दामच नाही, कारण चूक कोणत्या बाजूने झाली हे लिहिताना ठाऊकच नसतं.

चूक आणि भूल एक नव्हेत. चुकीचं लिहिलं गेलं ती चूक, लिहायचं राहून गेलं ती भूल. हिंदीत ‘भूलना’ म्हणजे विसरणं. मराठीत विसरण्याला ‘विसरणे’ आहे आणि भुलणं मोहाकडे गेलं, त्यामुळे ‘भूल’ म्हटलं की आज आधी शस्त्रक्रियाच आठवते. हिंदी-गुजरातीत क्रम उलटा आहे: भूलचूक लेनी-देनी, भूलचूक लेवी-देवी. तिथे भूल आधी नि घेणंही आधी. आपल्याकडे देणं आधी येतं, हे मला फार आवडतं.

‘द्यावी घ्यावी’ हा विध्यर्थ, स्त्रीलिंगी ‘चूकभूल’शी जुळणारा. ‘देणे घेणे’ही चूक नाही. इथे ते ‘व्यवहार’ या अर्थाचं नाम नसून जुन्या पत्रांतलं ‘पत्र पाठवणे’ या धर्तीचं आज्ञेचं रूप आहे. लिहिताना चू आणि भू दोन्ही दीर्घ. ‘चु. भु.’ नको. ऱ्हस्व होतं ते सामान्यरूपात आणि अनेकवचनात: चुकीचा, भुलीचा, चुका.

आता वापर. ‘साताऱ्याहून महाबळेश्वर बहुधा 55 किलोमीटर’ यात ‘बहुधा’ माझी खात्री किती ते सांगतो. ‘55 असावं’ म्हणजे मी अंदाज बांधला. ‘55 आहे म्हणे’ म्हणजे जबाबदारी दुसऱ्यावर. ‘55, चू. भू. द्या. घ्या.’ म्हणजे आकडा माझाच, पण तो चुकला तर दुरुस्ती मी घेईन. ‘क्षमस्व’मध्ये हे शेवटचं वचन नाही. म्हणून दोन्हींची अदलाबदल करू नये. आठवणीतून लिहिलेल्या लेखाखाली ‘चुकलं असल्यास क्षमस्व’ लिहिलं की वाचकाला वाटतं, विषय संपला. ‘चू. भू.’ वाचल्यावर त्याने चूक दाखवणं अपेक्षित असतं.

सगळ्या लेखाच्या तळाशी एकदाच ते लिहून टाकणं मात्र कुचकामी. वीस विधानांपैकी संशय कोणत्या दोनांवर आहे हे वाचकाला कळत नाही. त्या आकड्याशेजारी, त्या सनाशेजारी लिहावं. आणि एखाद्या माणसावरच्या आरोपापुढे तर ते कधीच जोडू नये: तिथे चूक झाली तर नुकसान तिसऱ्याचं होतं, आणि त्याला परत द्यायला लिहिणाऱ्याकडे काही नसतं.