मराठी ब्लॉग लिहिताना वेळ वाचवायला ब्राउझरमध्ये कोणती एक्स्टेन्शन्स ठेवावीत?

तुम्ही लिहिलंय की गुगलच्या ब्लॉगर या सेवेवर सोलापुरी पदार्थांचा ब्लॉग सुरू केलाय, रात्री ओटा आवरल्यावर तासभर मिळतो, त्यातला निम्मा टायपिंग दुरुस्त करण्यात आणि फोटो चढवण्यात जातो, तर क्रोमला काय काय जोडावं?

मीही सोलापूरचाच. साखर पेठेत वीसेक वर्षं डीटीपी केलं, लग्नपत्रिका, हँडबिलं, सहकारी संस्थांचे अहवाल. आता मागावरच्या जुन्या शब्दांचा ब्लॉग लिहितो. हौसेहौसेने एकदा चौदा एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या सोयी, जमवली होती. आज दोन उरलीत. बाकीची कामं ब्राउझरमध्ये किंवा विंडोजमध्ये आधीच असलेल्या सोयींनी होतात, फक्त त्या कुठे दडल्यात ते कुणी सांगत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग ज्याचा झाला ते आधी सांगतो. मायक्रोसॉफ्ट एजमध्ये पान उघडायचं आणि कंट्रोल, शिफ्ट, यू दाबायचं. ब्राउझर मजकूर वाचून दाखवतो. मराठीत आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत. इंटरनेट लागतं, पैसे लागत नाहीत. मी एका लेखात लिहिलं होतं, ‘आजी दुपारभर कांड्या भरत बसायची.’ कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसते ती, आडवं सूत गुंडाळलेली. टाइप करताना अनुस्वार सुटला आणि काड्या झाल्या. तीनदा वाचलं, दिसलं नाही. शुद्धलेखन तपासणीनेही काही म्हटलं नाही, म्हणणार कशी, काड्या हाही शब्द बरोबरच की! मनोहरने मात्र सरळ ‘काड्या भरत बसायची’ वाचलं आणि मी चहा बाजूला ठेवला. स्वतःचं लिहिलेलं डोळा चालवून घेतो, कान चालवून घेत नाही. तुमच्या पाककृतीत ‘पाव वाटी’चं ‘पाच वाटी’ झालं तर तेही असंच पकडता येईल. तेल पाच वाटी म्हणजे अवघड आहे.

शुद्धलेखनासाठी फायरफॉक्सच्या ॲड-ऑनच्या पानावर मराठी शब्दकोश मिळतो. माझ्या दोनातलं हे एक. तो घातला की लिहायच्या जागी राइट क्लिक करून भाषा मराठी निवडायची. पहिले आठ दिवस वैताग येईल, कारण आपण शब्दाला प्रत्यय लावून लावून लांबवतो आणि त्याला ‘सोलापूरकरांकडच्या’ असलं काही माहीत नसतं. सगळीकडे लाल रेघा. हुग्गी, शेंगापोळी, गड्डा हे शब्द स्वतः त्याच्या यादीत घाला. महिनाभरात बराच शहाणा होतो. इंग्रजी व्याकरण तपासणाऱ्या एक्स्टेन्शनचा मराठीला काही उपयोग नाही, असेल तर काढून टाका.

टायपिंगसाठी वेगळं काही उतरवू नका. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आलेला आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, कीबोर्डमध्ये फोनेटिक निवडा, मग विंडोज की आणि स्पेस दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल. रोमन स्पेलिंग टाकलं की मराठी शब्द समोर येतो. मी स्वतः इनस्क्रिप्टवाला, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेली की असलेला कीबोर्ड. शिकायला पंधरा दिवस जातात, पण नंतर अंदाजाचा खेळ उरत नाही. ‘भाकऱ्या’ लिहायचंय? ऱ शिफ्ट-जे वर, हलन्त डी वर, य तिरप्या रेघेच्या कीवर, झाला अर्धा चंद्रासारखा ऱ्य. हा ऱ्य नीट आला नाही तर ‘भाकर्या’ होतं, आणि तसं लिहिलेले ब्लॉग कमी नाहीत.

बोलून टाइप करायचं असेल तर क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडून टूल्समधलं व्हॉइस टायपिंग मराठीवर लावा. हाताला कणीक असताना बरं. विरामचिन्हं नंतर हाताने घालावी लागतात. आणि पुस्तकी मराठी बोला. मी एकदा आपल्या सोलापुरी पद्धतीने ‘काय करूलालास’ (काय करतोयस) म्हटलं, तर त्याने जे उमटवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता लाईटचं. गड्ड्याच्या यात्रेवर मोठा लेख थेट ब्लॉगच्या खिडकीत लिहीत होतो. लाईट गेली, राउटर बंद, लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. दीड तास गेला. तेव्हापासून आधी नोटपॅड++ मध्ये लिहितो. फुकट आहे, हलकं आहे, आणि सेव्ह करायला विसरलात तरी दर सात सेकंदांनी आपोआप प्रत ठेवतं. परत उघडलं की अर्धवट वाक्यासकट सगळं जागेवर. अक्षरं विचित्र दिसली तर फॉन्ट निर्मला यूआय करा. दुसरा फायदा, त्यात नुसता मजकूर असतो. वर्डमधून कॉपी केलं की मजकुरासोबत वर्डचा अदृश्य कचरा येतो, म्हणून तर एक परिच्छेद मोठा, एक बारीक दिसतो. वर्ड सोडायचं नसेल तर ब्लॉगमध्ये चिकटवताना कंट्रोल, शिफ्ट, व्ही वापरा.

फोटोंचं काम थोडक्यात: स्क्वूश नावाची गुगलची वेबसाइट आहे. फोटो त्यात टाका, रुंदी १२०० पिक्सेल, प्रकार वेबपी. मोबाइलमधला चार-पाच एमबीचा फोटो बहुतेक वेळा दोनशे केबीच्या आत येतो. फोटो कुठे अपलोड होत नाही, सगळं तुमच्याच ब्राउझरमध्ये चालतं. घरातून फोटो काढत असाल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवा, म्हणजे फोटोसोबत घराचं ठिकाण जाणार नाही.

माझं दुसरं एक्स्टेन्शन वेबॅक मशीनचं, म्हणजे इंटरनेट आर्काइव्हच्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या सेवेचं. लेखात कुणा वर्तमानपत्राची लिंक दिली की त्याच क्षणी त्या पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हमध्ये जमा करतो. वर्षा-दोन वर्षांत अशा लिंका बंद पडतात.

बाकी एक्स्टेन्शन घालताना एक ओळ वाचाच, ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे’. भाजीवाल्याला पूर्ण घराची किल्ली द्यावी तशी ही परवानगी. आणि आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्या दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतं. द ग्रेट सस्पेंडर हे टॅब झोपवणारं एक्स्टेन्शन लाखो लोक वापरत होते. २०२० मध्ये ते दुसऱ्याला विकलं गेलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने घातक म्हणून क्रोममधून काढून टाकलं. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी यादी उघडतो आणि जे वापरलं नाही ते उडवतो.

शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही पण तुमच्या कामाचं. ब्लॉगरवर शीर्षक पूर्ण देवनागरीत असेल तर पोस्टच्या पत्त्यात शीर्षक येतच नाही, नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडे. पाचपन्नास पोस्ट झाल्या की कोणती कुठली कळत नाही. म्हणून प्रकाशित करण्याआधी उजवीकडे पर्मालिंकमध्ये (म्हणजे पोस्टच्या पत्त्यात) जाऊन कस्टम निवडा आणि रोमन लिपीत छोटा पत्ता द्या. पुढेमागे वर्डप्रेसवर गेलात तरी हेच. तिथे पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं एकेक अक्षर, मात्रा, अनुस्वार आत नऊ-नऊ चिन्हं खातो. ‘सोलापूरची खमंग शेंगापोळी’ एवढ्यातच दोनशे भरतात, ‘कशी करावी’ला जागाच उरत नाही. आधीच प्रकाशित केलेल्या पोस्टचे पत्ते मात्र बदलायला जाऊ नका, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंका तुटतील. बदलायचेच असतील तर ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये ‘एरर्स अँड रीडायरेक्ट्स’ आहे, तिथे जुना पत्ता आणि नवा पत्ता दोन्ही भरून ठेवा.