कॅम गिअर बसवला, पण गाडी घाटात दमते

प्रश्न : जुन्या एस्टीमला अ‍ॅडजस्टेबल कॅम गिअर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची वेळ मागेपुढे करता येणारं चाक) बसवला. हायवेला पळते, खंबाटकीत मात्र दम टाकते.
– एक वाचक, सातारा

उत्तर : कॅम रिटार्ड, म्हणजे वेळेच्या मागे असणार. इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) उशिरा मिटतो, कमी आरपीएमला (इंजिन हळू फिरताना) आत घेतलेली हवा मागे ढकलली जाते. सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) मशीनवर घासलेलं असेल तर टायमिंगच्या खुणा जुळूनही कॅम थोडा मागेच राहतो. हे बरेच जण विसरतात.

क्रँक टीडीसीवर (पहिला पिस्टन सगळ्यात वर) आणा, गिअर २ अंश अ‍ॅडव्हान्स (पुढे) करा, बोल्ट टॉर्क रेंचनेच (जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळा. सुरू करण्याआधी क्रँक पान्याने २ पूर्ण फेऱ्या फिरवा. अडलं तर जोर नको, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना ठिणगी वाटणारा भाग) कॅमवर फिरत असेल तर इग्निशनही, म्हणजे ठिणगीची वेळही पुढे सरकते. ती टायमिंग लाइटने (ठिणगीची वेळ तपासायच्या दिव्याने) पुन्हा लावा, नाहीतर चढाला नॉकिंग (इंजिनातली टकटक) ऐकू येईल.